बारा चाळीसचा श्रोता

दयारामभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा मी माईकसमोर बसून धानावरच्या तुडतुड्याचा उपाय वाचत होते. सकाळचे सव्वासात झाले असतील. टेबलावर उलटा ठेवलेला फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा... मला रागच आला. प्रसारण चालू असताना मला फोन करायचा नाही, हे मी शंभरदा बजावलेलं. गाणं लावलं, फोन उचलला आणि ‘काय आहे?’ असं खेकसूनच विचारलं. पलीकडे भाऊंचा पुतण्या होता. “मॅडम, काका गेले... पहाटे आंघोळीले पानी काढत होते, तिथंच बसले.” गाणं संपायला तीन मिनिटं होती. तेवढ्या वेळात मी तुडतुड्याच्या कागदामागे भाऊंचं नाव लिहिलं, वय लिहिलं, माती किती वाजता निघणार ते लिहिलं. साडेसातला आमच्याकडे निधनवार्ता वाचतात. त्या दिवशी दोन होत्या. दुसरी भाऊंची होती आणि ती मी न अडखळता वाचली. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईचा आवाज तसा सहजी कापत नाही. वाचून झाल्यावर लक्षात आलं, मागच्या खोलीतला लॅपटॉप बंदच आहे. तो रोज भाऊ येऊन सुरू करायचे. म्हणजे बातमी फिरली ती आसपासच्या गावांपुरतीच. ज्या ऑनलाइन प्रसारणासाठी हा माणूस पाच वर्षं झिजला, त्याच्यावरून त्याच्या जाण्याची बातमी गेलीच नाही.

याला आता सहा आठवडे होत आले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी भाऊंवर लिहून द्या, असं दोनदा विचारलं गेलं आणि दोन्ही वेळा मी टाळलं. कारण सांगायला लाज वाटत होती. आमच्या गावच्या रेडिओ केंद्रात आम्ही तिघंच: मी, तांत्रिक काम पाहणारे दयारामभाऊ आणि दुपारचे कार्यक्रम करणारी मंगला. दुपारी व्हरांड्यात सतरंजी टाकून तिघांनी डबे एकत्र उघडायचे, हा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज. कोण कोणाशी बोलतं यापेक्षा कोण कोणाच्या डब्यात हात घालतं, यावरून आम्ही माणसं ओळखायचो. आणि आयुष्यातले शेवटचे आठ महिने दयारामभाऊ माझ्याबरोबर जेवले नाहीत. त्याचं कारण मला माहीत आहे, असं मी आठ महिने धरून चालले होते. ते साफ चुकीचं होतं, हे कळायला माणूस जावा लागला.

आमचं केंद्र करडीच्या बाजूला, एका लहानशा गावात, तलावाच्या पाळीला लागून आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागे मनोरा. पुढच्या खोलीत स्टुडिओ, त्याच्या भिंतींना आतून गाद्या ठोकलेल्या. मागच्या खोलीत बॅटऱ्या, जुन्या फायली आणि इंटरनेटवर आवाज पाठवणारा तो एक लॅपटॉप. मनोऱ्यावरून आमचा आवाज चांगल्या दिवशी बारा-पंधरा किलोमीटर जातो, झाडी आडवी आली की तेवढाही नाही. माझी नणंद इकडच्याच शहापूरला असते. ‘वहिनी, एवढं बोलता म्हणे रेडिओवर, आमच्याकडे तर नुसती खरखर येते’ हे ती मला प्रत्येक सणाला न चुकता ऐकवते.

भाऊ मासेमारी करणाऱ्या घरातले. बाप, काका, भाऊ सगळे तलावात जाळं टाकणारे, आणि हे एकटे लहानपणापासून रेडिओ उघडून बसणारे. तरुणपणी साकोलीच्या एका दुकानात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला शिकले, मग स्वतःचे भोंगे घेतले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचं लोकनाट्य होतं, नाटकं होतात. पंचक्रोशीतल्या निम्म्या मंडयांचा माईक भाऊंचा असायचा. माईक लावायचे ते, तपासायचे ते, पण ‘हॅलो, हॅलो’च्या पुढे त्यात एक शब्द बोलायचे नाहीत. केंद्रात आल्यावरही तेच. मी कितीदा म्हटलं, भाऊ, तुमच्या अनुभवाचा एक कार्यक्रम करू. ते म्हणायचे, “मी आवाज पोचवणारा मानूस हावो मॅडम. बोलणारे तुमी.” बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे पाहायचे. एका वाक्यानंतर दुसरं येईल याची खात्री नसायची. असा घुमा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

टाळेबंदीत आपली माणसं हैदराबाद-पुण्याला अडकली, तेव्हा त्यांचे केंद्रावर फोन यायला लागले. तलाव भरला का, धानाचे रोवणे सुरू झाले का, अमक्याची म्हातारी बरी आहे का... त्यातून ऑनलाइन प्रसारणाची कल्पना निघाली. नागपूरहून एक इंजिनिअर दोन दिवस येऊन सगळं बसवून गेला. मी वही भरून टिपणं काढली आणि मला त्यातलं काहीएक समजलं नाही. भाऊंनी काहीच लिहिलं नाही. शेवटी त्यांनी इंजिनिअरला एवढंच विचारलं, “मंजे आपला भोंगा हैदराबादेत लागला म्हना ना?” तो हसून हो म्हणाला. त्या दिवसापासून तो लॅपटॉप भाऊंचा झाला. त्यावर धूळ बसायची नाही, त्याची वायर उंदरानं कुरतडू नये म्हणून ती जुन्या सायकलच्या ट्यूबमध्ये घातलेली. स्टुडिओच्या मिक्सरमधून एक वायर भिंतीतून मागे यायची आणि लॅपटॉपला लागायची. मनोऱ्यावरून जे जाईल तेच इंटरनेटवरून जायचं.

फक्त ते थोडं उशिरा जायचं. इंटरनेटवरचा आवाज तीसेक सेकंद मागे असतो, आणि तो नीट जातोय ना हे ऐकायला भाऊंच्या एका कानात कायम इअरफोन. त्यामुळे हा माणूस दिवसभर आमच्यापेक्षा अर्धा मिनिट मागे जगायचा. मी माईकवर काही विनोद केला की मंगला लगेच हसायची आणि भाऊ हसायचे मी निधनवार्ता वाचायला घेतल्यावर. मी काचेतून डोळे वटारायची. ते बिचारे तोंडावर पंचा धरायचे. एकदा तर अशा वेळी मलाच हसू फुटलं आणि ज्यांचा मृत्यू वाचत होते त्यांच्या मुलाची माफी मागायला मला त्यांच्या घरी जावं लागलं. सोबत भाऊ आले होते. तिथंही एका कानात तो इअरफोन होताच.

लॅपटॉपच्या पडद्यावर एका कोपऱ्यात आकडा दिसतो, या क्षणी कितीजण ऐकतायत त्याचा. नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. आमचा आकडा तीन असायचा, कधी चार, पोळ्याला अकरा झाला तर भाऊंनी पेढे वाटले. मला तो आकडा पाहून वैताग यायचा. एवढा खटाटोप, आणि ऐकणारे एका रिक्षात मावतील! भाऊंना मात्र त्या आकड्यात माणसं दिसायची. आकडा केव्हा वाढतो, केव्हा उतरतो, यावरून त्यांनी एकेकाची कुंडली मांडली होती.

“हा सहाचा हाय ना मॅडम, हे बाई हाय. डबे करता करता आयकते. आठले बंद होते.”

“बाईच कशावरून?”

“रविवारी साडेसातले येते.”

मंगला हसून हसून लोळायची. आणि भाऊंचा लाडका होता तो बारा चाळीसचा. बरोबर बारा चाळीसला आकडा एकाने वाढायचा, एक दहाला उतरायचा. गुरुवारी वाढायचा नाही. भाऊंचा निष्कर्ष: कुठल्याशा कारखान्यात आहे, अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी, गुरुवारी रजा. त्या वेळेला आमची ‘गावखबर’ लागायची. तलावाचं पाणी किती, कोणाचा बैल हरवला, कोणाच्या मुलीचं ठरलं, असल्या बातम्या. “जेवता जेवता गाव आयकते जी थो,” भाऊ म्हणायचे. गावखबर दोन मिनिटं उशिरा सुरू झाली तरी ते काचेवर टकटक करायचे आणि मनगटाकडे बोट दाखवायचे. जणू तो माणूस दारात ताट घेऊन उभा आहे.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर भाऊ दोन दिवस साकोलीला बॅटऱ्यांच्या कामाला गेले होते. नेमकं तेव्हा एका सरकारी खात्याच्या आरोग्यविषयक कार्यक्रमाचं पत्र आलं. त्यांना साडेबारा ते एक हीच वेळ हवी होती, कारण तेव्हा बायका घरी असतात. कार्यक्रम चांगला होता, मी होकार दिला आणि गावखबर दीडला ढकलली. भाऊंना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. वेळापत्रक माझं काम, वायरी त्यांचं काम, असा माझा शाळेतला हिशेब. ते परत आले, नवीन वेळापत्रक भिंतीवर लागलेलं पाहिलं. मग रोज बारा चाळीसला मागच्या खोलीत जाऊन उभे राहायचे. पहिले तीन दिवस आकडा वाढला, पाच-सात मिनिटं थांबला, उतरला. चौथ्या दिवशी वाढलाच नाही. पाचव्या दिवशी आम्ही सतरंजीवर बसलो आणि भाऊ डबा न उघडता म्हणाले, “मॅडम, बाराचाळीस गेला.”

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता चांगलं सुचतं. तेव्हा दुपारची वेळ, पोटात भूक, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, “भाऊ, एका माणसासाठी केंद्र चालवायचं का आपण? आणि तो माणूस आहे का, हे तरी कुठे माहीत आहे तुम्हाला? नुसता आकडा तो!” भाऊ माझ्या खांद्याकडे पाहत होते. मग डबा पिशवीत परत घातला आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून बारा चाळीसला ते डबा घेऊन मागच्या खोलीत जायचे, दार लावून घ्यायचे आणि एक दहाला बाहेर यायचे. गुरुवारी ते दुपारची सुट्टी घ्यायला लागले. एरवी आधीसारखेच. माईक लावून द्यायचे, ‘हो मॅडम’ म्हणायचे, इअरफोन कानात.

मी समजले, रुसले. आणि माझा स्वभाव असा की समोरचा रुसला की मला त्याच्याहून मोठं रुसता येतं. अति राग भीक माग, असं माझी आई मला उद्देशून म्हणायची ते काही उगीच नाही. मी बोलावलं नाही. मंगलाला म्हटलं, येतील भूक लागली की. ते काही आले नाहीत. पारबताबाई, म्हणजे भाऊंची बायको, सुक्या झिंग्यांची चटणी असली काही करून द्यायच्या की सतरंजीवर आधी माझाच हात पुढे असायचा. त्या चटणीवाचून आठ महिने काढले, पण दारावर टकटक करायची मला लाज वाटली. एकदा करडीच्या बाजारात पारबताबाई भेटल्या तेव्हा मी तक्रारीच्या सुरात सांगूनही टाकलं, “तुमचे मालक आमच्याबरोबर जेवत नाहीत हो आता. मागच्या खोलीत दार लावून बसतात.” त्यांनी ऐकून घेतलं, “हो का,” म्हणाल्या आणि मिरच्या निवडायला लागल्या. भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते असंच कोरडं. संध्याकाळी सायकल काढता काढता म्हणाले, “मॅडम, उद्या बॅटरीत पानी टाकतो.” मी वर न पाहता “बरं” म्हटलं. तेवढंच.

ते गेल्यावर चार दिवस ऑनलाइन प्रसारण बंद होतं. कोणाच्या लक्षातही येणार नाही, असं मला वाटलं होतं. पाचव्या दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. मूळच्या साकोलीकडच्या, कधी भेट नाही, ओळख नाही. विचारत होत्या, “बंद काहून हाय जी तुमचं? सकाळी डबे करताना आयकतो आमी. काम सुचत नाही.” मी घड्याळाची वेळ विचारली नाही. विचारायची गरज नव्हती. सहाची बाई होती. भाऊंनी जशी सांगितली तशीच होती. मग बारा चाळीसचाही माणूस खरा होता, कुठेतरी डबा उघडून बसणारा, आणि त्याला मी घालवलं होतं...

त्याच दिवशी मी मागच्या खोलीत गेले. लॅपटॉप सुरू केला. भाऊंनी झाकणाच्या आत एक कागद चिकटवला होता, बहुधा आजारपणात दुसऱ्या कोणाला बसावं लागलं तर म्हणून. पहिलं वाक्य होतं: ‘बंद पडला तर आधी घाबरू नये.’ त्या कागदावर बोट ठेवत ठेवत माझ्यासारखीलाही प्रसारण सुरू करता आलं. आता प्रसारित झालेलं सगळं काही महिने जपून ठेवायचा नियम आहे, म्हणून लॅपटॉप आपोआप त्याची नोंद करतो. त्या फायली तारीखवार आणि वेळवार लावलेल्या दिसल्या. नीट नोंद होतेय ना हे पाहावं, म्हणून मी सहज दुपारची एक फाईल उघडली. बारा चाळीसची. त्यात आरोग्याचा कार्यक्रम ऐकू यायला हवा होता. आधी वायर काढल्याचा खट्ट असा आवाज आला. मग कोणीतरी घसा खाकरला.

“आले का जी बाराचाळीसभाऊ?... आले. बसा. हात धुतले का? आज तलावाचं पानी सांडव्याच्या खाली हातभर हाय. धान आता गरभात आलं. काल पुतण्याच्या जाळ्यात मरळ घावली, चांगली दोन किलोची...”

दयारामभाऊ बोलत होते. सलग, न थांबता, मजेत. मधेच डब्याचं झाकण वाजत होतं, घास चावल्याचा आवाज येत होता आणि तोंडात घास ठेवूनच पुढची बातमी येत होती. मनोऱ्यावरून आरोग्याचा कार्यक्रम चालू असताना हा माणूस मिक्सरची वायर काढून, मंडईतला जुना माईक लावून, इंटरनेटवरून वेगळीच गावखबर चालवत होता. एका माणसासाठी. आणि आम्हाला त्यानं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी बंद केलं असतं. तसा नियम नाही म्हणून नक्की बंद केलं असतं. मला मी चांगली ओळखते.

त्याआधीच्या महिन्यांचं नियमाप्रमाणे पुसलं गेलं होतं. जे तीनेक महिन्यांचं उरलं होतं ते मी चार दिवस बसून ऐकलं. रोज सुरुवातीला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. ‘आले का जी... आले.’ म्हणजे पडद्यावरचा आकडा वाढत होता! बारा चाळीसचा माणूस परत आला होता! मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले. भाऊ त्याला काय काय सांगत होते. बाप बोलला नाही म्हणून आपल्यालाही बोलायची सवय लागली नाही, हे सांगत होते. तरुणपणी मंडईत ऐन नाटकात भोंगा बंद पडला आणि राजा मुक्यानंच लढला, हे सांगत होते. बायकोबद्दल फार सांगायचे. “काल तुमाले म्हनलं ना जी, भाजीत मीठ जरा जास्त झालं म्हून? आज बरोबर हाय. घरी मी एक शब्द बोललो नाही. मनकवडी हाय बाई.” दुसऱ्या एका दिवशी: “थंडी वाजते म्हनलं होतं तुमाले. त तिनं आज स्वेटर काढून ठेवला. कसं समजते काय माहीत!”

आणि एका दिवशी माझं नाव निघालं. “आज आमच्या मॅडमच्या डब्यात लाखोरीचे वडे हायेत. दारातून वास येऊन राहिला. लय चांगले करते त्या... आता मी तुमच्यासंगं बसलो, त वडे काही भेटत नाही.” इथे ते हसले. “मॅडमवर राग धरू नोका जी. मनाच्या वाईट नाही त्या. त्याईनं वेळ बदलली, पन त्याईले तुमी दिसत नव्हते. मले दिसत होते.” मी तिथेच थांबवलं. पुढचं ऐकवलं नाही. एका दाराच्या अलीकडे बसून मी वडे खात होते आणि त्यांना शिष्ट म्हणत होते. पलीकडे तो माणूस माझ्या वतीनं माफी मागत होता. शाळेत मी किती मुलांना सांगितलं असेल, आधी विचारा, मग रागवा. स्वतःला तेवढं सांगायचं राहून गेलं.

सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये भरून मी पारबताबाईंकडे गेले. म्हटलं, त्यांच्या नवऱ्याचा आवाज आहे, त्यांच्याकडे असावा. अंगणात सुपात झिंगे घेऊन त्या निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. भाऊ मागच्या खोलीत काय करत होते, बारा चाळीसचा कोण, तो कसा गेला आणि कसा परत आला. पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

“मले पाठ हाय ते,” त्या म्हणाल्या. “सप्पा, रोजचं रोज आयकलं हाय मी.”

मला कळेना. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “तुमी बाजारात नाही का सांगतलं, दार लावून बसते म्हून? मले वाटलं, तब्येत बिघडली का काय. फोनात त्याईनंच लावून देल्लं होतं, बंद पडलं त मले कळव म्हून. मी कधी लावलं नव्हतं, कामातून फुरसत कुठं? त्या दिवशी दुपारी लावलं, त हे बोलून राहिले. म्हने, आले का जी बाराचाळीसभाऊ, लय दिवसांनी आले...”

मिठाचं कोडं सुटलं. स्वेटरचंही. पडद्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. एक म्हणजे एक.

“तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?”

“सांगतलं असतं त बोलनं बंद झालं असतं जी.” त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. “चाळीस वर्सांत घरी जेवढे नाही बोलले तेवढे तिथं बोलले. सांगत होते दुसऱ्याले, पन कान तं माहेच होते ना.”

“म्हणजे तो माणूस परत आलाच नाही.” माझा आवाज, तो सहजी न कापणारा, आता मात्र कापत होता. “मी घालवलं ते घालवलंच.”

“नसन आला. त्याईले वाटलं ना आला म्हून? खूश होते जी ते. घरी येऊन गाणं गुणगुणत.” मग मी तिथे, त्या सुपाशेजारी बसून रडले. भाऊंच्या मातीला रडले नव्हते. पारबताबाईंनी रडू दिलं. निघताना त्यांनी मला अंगणाच्या टोकाशी थांबवलं.

“मॅडम, एक सांगू? बारा चाळीसले ते चालू ठेवजा. कोनी बोललं नाही तरी चालन. थो पंखा कुरकुरते, झाकन वाजते, बाहेर पोरं ओरडते... त्या खोलीचा आवाज मले मालूम हाय. तेवढंच आयकीन.”

दुसऱ्या दिवशी बारा चाळीसला मी डबा घेतला. मंगलाला म्हटलं, चल. दोघी मागच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं. नियमाची वही पुढच्या खोलीत राहिली. मी मिक्सरची वायर काढली, खट्ट आवाज झाला. भाऊंचा माईक लावला. काहीतरी चांगलं बोलायचं ठरवून मी रात्री कागदावर लिहूनही आणलं होतं, ते घडी घालून ठेवलं. वर पंखा कुरकुरत होता. पडद्यावरचा आकडा हललेला नव्हता. मग तो एकाने वाढला.

“आले का जी पारबताबाई?” मी विचारलं. “बसा.”

आणि आम्ही डबे उघडले.